युद्धेतिहासाचे वाचनमंडळ

मराठी भाषेत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार इतका रुळलेला आहे की, परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी आणि निवडणुकीत पडलेला उमेदवार या दोघांनाही तो सारखाच लावला जातो. ज्या लढाईवरून तो आला, ती १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिच्याविषयी काही मत नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु तिच्याविषयीचे एखादे समकालीन पत्र वाचलेला माणूस त्याहून विरळा. मत आधी बनते आणि वाचन मागाहून होते, किंवा होतच नाही, अशी स्थिती युद्धेतिहासाच्या बहुतेक प्रकरणांत आढळते. एकट्याने केलेले वाचन ही स्थिती क्वचितच पालटते, कारण एकटा वाचक आपल्या मताला पोषक असेच पुस्तक हाती घेतो. म्हणून या विषयाची आवड असणाऱ्यांनी वाचनमंडळ काढावे, हे इष्ट होय.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीत अशा मंडळाची पहिली अडचण माणसांची असते. एका गावात या विषयाचे चार रसिकही मिळणे कठीण. आज मात्र संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि पणजी येथील आठ-दहा माणसे ठरल्या वेळी एकत्र बसू शकतात. ही केवळ प्रवासखर्चाची बचत नव्हे. यांतील प्रत्येक गावाला पानिपतचा काही ना काही वारसा मिळालेला आहे, आणि त्या वारशाबरोबर एक पक्षही मिळालेला आहे.

ग्वाल्हेर शिंद्यांचे. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. जनकोजी पानिपतनंतर मारले गेले. महादजी पायाला जबर जखम घेऊन परतले आणि जन्मभर लंगडत चालले. इंदूर होळकरांचे. मल्हारराव रणातून सुखरूप परतले, आणि तेवढ्यावरूनच त्यांच्यावर दोषारोपांची जी परंपरा सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. बडोद्याच्या घराण्याचे दमाजी गायकवाड या मोहिमेत होते. तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा सरदार इब्राहिमखान गारदी हा निजामाच्या चाकरीतून पेशव्यांकडे आलेला. बुसीच्या फ्रेंच पद्धतीचे शिक्षण त्याला दक्षिणेतच मिळालेले. सारांश, पानिपतचा कोणताही ग्रंथ उघडला की या गावांतील वाचक आपापल्या घराची बाजू नकळत शोधू लागतो. एका गावातले मंडळ या पक्षपाताला बळ देते. सहा गावांचे मंडळ त्याला वेसण घालू शकते. मात्र त्यासाठी मंडळाने काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य हे की, आरंभी एकच लढाई घ्यावी. ‘मराठ्यांचा लष्करी इतिहास’ असा विषय ठरविणारे मंडळ तीन बैठकांत विस्कटते. एक लढाई, पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे सहा बैठका, म्हणजे तीन महिने, ही मर्यादा पुरेशी आहे.

दुसरे पथ्य साधनांच्या निवडीचे. सर्वांनी एकच ग्रंथ वाचावा हा सर्वसाधारण वाचनमंडळाचा प्रघात युद्धेतिहासास मानवत नाही. येथे प्रत्येक सभासदाकडे एक साक्षीदार सोपवावा. एकाने विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड घ्यावा; त्यात सदाशिवरावभाऊंची मोहिमेतील पत्रे आहेत. दुसऱ्याने भाऊसाहेबांची बखर घ्यावी, तिसऱ्याने होळकरांची कैफियत, चौथ्याने काशीराजाचा फारसी वृत्तान्त अनुवादातून वाचावा. यदुनाथ सरकारांच्या मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाविषयीच्या इंग्रजी ग्रंथाचा दुसरा खंड १९३४ सालचा आहे, आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतवरील इंग्रजी ग्रंथ १९४६ सालचा. हे दोन आधुनिक विवेचक दोघांकडे द्यावेत. जुन्या खंडांपैकी पुष्कळसे आता संगणकावर विनामूल्य पाहावयास मिळतात.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे, आणि पाळावयास सर्वांत कठीण. ज्याचा जो पक्ष, त्याला तो साक्षीदार देऊ नये. होळकरांची कैफियत ग्वाल्हेरच्या वाचकाने मांडावी. दत्ताजी आणि जनकोजी यांची बाजू इंदूरच्या वाचकाने सांगावी. मल्हाररावांनी १७५७ साली नजीबखान रोहिल्याला वाचविले आणि पुढे तोच अब्दालीचा उजवा हात ठरला, हे इंदूरकराने स्वतः उच्चारावे. उलट, मल्हारराव रणातून निघाले ते भाऊंच्या सूचनेवरून व बायकामाणसांच्या रक्षणासाठी, हे होळकर पक्षाचे म्हणणे ग्वाल्हेरकराने शक्य तितक्या समर्थपणे मांडून दाखवावे. दुसऱ्याचा वकील होऊन बोलताना माणसाला प्रथमच कळते की, आपल्या घरच्या समजुतीतील किती भाग कागदावर उभा आहे आणि किती केवळ ऐकीव आहे.

साक्षीदार मांडताना प्रत्येकाने चार प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. लिहिणारा कोण? त्याने केव्हा लिहिले? लढाईच्या दिवशी तो कोठे होता? आणि तो कोणासाठी लिहीत होता? काशीराजाचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण, पण चाकरीस अयोध्येच्या शुजाउद्दौल्याकडे. म्हणजे अब्दालीच्या गोटात. भाऊ आणि शुजा यांच्यातील तहाची बोलणी त्याच्या हातून झाली, लढाईनंतर प्रेतांचा शोध घेण्यातही तो होता. तेव्हा या गोष्टींत त्याची साक्ष मोलाची. परंतु मराठ्यांच्या छावणीत काय बोलणे चालले होते, हे तो सांगू लागतो तेव्हा तो स्वतः तेथे नव्हता. शिवाय लिहिले ते सुमारे दोन दशकांनंतर. एकाच साक्षीदाराचे एक पान विश्वसनीय आणि दुसरे संशयास्पद असू शकते, हा धडा मंडळाला पहिल्या महिन्यातच मिळतो.

चौथे पथ्य असे की, प्रत्येक बैठकीत नकाशा समोर असावा. दिल्ली, बागपत, पानिपत आणि कुंजपुरा ही चार स्थळे यमुनेच्या काठाने क्रमाने दाखविली की निम्मी लढाई समजते. भाऊंनी १७ ऑक्टोबर १७६० रोजी उत्तरेस कुंजपुरा जिंकले. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. तेथून पुढचे अडीच महिने हा तलवारीइतकाच दाण्यागोट्याचा प्रश्न होता. भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रे मोठ्याने वाचावीत. पैसा पाठवा, रसद पाठवा, शत्रूची रसद तोडा, हाच धोशा त्यांत ऐकू येतो. डिसेंबरात गोविंदपंतच मारले गेले. हे वाचल्यावर ‘एका सरदाराने दगा दिला म्हणून राज्य बुडाले’ हे वाक्य पूर्वीसारखे सहज तोंडातून निघत नाही. बेळगावसारख्या ठिकाणी, जेथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, सैन्यातून निवृत्त झालेले अनुभवी लोक राहतात. असा एखादा सभासद मिळाल्यास त्याला एवढेच विचारावे : हजारो घोडी आणि त्यांहून अधिक बिनलढाऊ माणसे एका जागी अडकली, तर त्यांना रोज काय काय लागते? त्याच्या उत्तराने ग्रंथातील कितीतरी ओळी जिवंत होतात.

सैन्याच्या आकड्यांविषयीही सावधगिरी हवी. बखरींत लाखांखाली गोष्ट नसते. यदुनाथ सरकार मात्र लढाईच्या दिवशीचे मराठे पंचेचाळीस हजार आणि अब्दालीकडील सैन्य साठ हजार मानतात. प्रत्येक आकडा एका कागदावर, त्याच्या कर्त्याच्या नावासह, मांडून ठेवावा. विश्वास पाटील यांच्या १९८८ सालच्या ‘पानिपत’ या कादंबरीने अनेकांना या विषयाची गोडी लावली, हे खरे. तिचा मान राखावा; परंतु बैठकीत पुरावा म्हणून ती पुढे करू नये.

पडद्यावरच्या बैठकीची काही व्यवहारी पथ्ये आहेत. उतारा चार दिवस आधी मोठ्या अक्षरांत पाठवावा, म्हणजे वृद्ध सभासदांची गैरसोय होत नाही. बैठक सव्वा तासाहून लांबवू नये. पहिली पंधरा मिनिटे मूळ मजकुराच्या प्रकट वाचनासाठी राखावीत. मोडीतून आलेल्या गद्याची लय कानावर पडल्याशिवाय उलगडत नाही. एकाने बोलावे, इतरांनी आपला ध्वनी बंद ठेवावा, आणि अध्यक्षाने नाव घेतल्यावरच पुढच्याने आरंभ करावा. अध्यक्षपद दर बैठकीला गावाप्रमाणे फिरते ठेवावे. टिपण ठेवणाऱ्याने कोण जिंकले हे न लिहिता कोणता प्रश्न उघडा राहिला, एवढेच लिहावे.

‘चूक कोणाची?’ हा प्रश्न सहाव्या बैठकीपर्यंत कोणालाही विचारू देऊ नये. त्या दिवशी प्रत्येकाने, पहिल्या दिवशी लिहून ठेवलेले आपले मत प्रथम वाचून दाखवावे आणि मग आजचे मत सांगावे. दोन्ही एकच असल्यास हरकत नाही. मात्र आता त्यामागचा कागद दाखविता आला पाहिजे.

पानिपत संपल्यावर वसईची मोहीम घ्यावी. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली, तेव्हाचा दुसरा पक्ष पोर्तुगीज कागदांत आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या १९६७ सालच्या ग्रंथामुळे त्या कागदांची वाट मराठी वाचकाला खुली झाली. त्या बैठकांचे पुढारपण गोव्याच्या सभासदांकडे द्यावे, आणि वसई जिंकणाऱ्यांची कागदपत्रेही त्यांच्याकडूनच वाचून घ्यावीत.