घरबसल्या रोजगार : खरा कोणता, खोटा कोणता ?

रोजगारासाठी घर सोडणे कोकणच्या जणू पाचवीलाच पुजलेले. रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचा प्रपंच मुंबईच्या गिरण्यांतून व गोदीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत आला. आज मात्र काम मिळविण्यासाठी प्रत्येक वेळी गाव सोडलेच पाहिजे, असे राहिलेले नाही. रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते त्या पूर्णगडसारख्या गावात बसूनही भाषांतर, हिशेबलेखन, चित्रांकन, संगणकीय आज्ञावली लिहिणे अशी कामे दूरदेशीच्या ग्राहकासाठी करता येतात. कोणाच्याही कायम नोकरीत न राहता अशी सुटी कामे घेणाऱ्यास ‘फ्रीलान्सर’ म्हणतात.

निती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२०-२१ या वर्षी देशात अशा कंत्राटी व ऑनलाइन व्यासपीठांवरील कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख होती. ती २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा आयोगाचा अंदाज आहे. या आकड्यांत शहरांत घरपोच वस्तू पोहोचविणारे तरुणही आहेत. तथापि रोजगाराचे स्वरूप कोणत्या दिशेने बदलत आहे, याची कल्पना त्यावरून येते.

जेथे गरजू माणूस काम शोधतो तेथे त्याच्या गरजेवर जगणाराही येतो. ‘घरबसल्या दररोज हजारो रुपये कमवा’ अशा संदेशांना भुलून काम मिळण्याऐवजी पदरची पुंजी गमावणाऱ्यांत पदवीधर आहेत, गृहिणी आहेत आणि निवृत्त कर्मचारीही आहेत. अशा वेळी गावातील तरुण प्रथम सल्ला विचारतो तो आपल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना किंवा पंचायत सदस्यांना. यास्तव खरे काम व खोटे काम यांतील भेद या मंडळींस नेमका ठाऊक असणे अगत्याचे आहे.

जुनी दस्तुरी आणि नवा दलाल

नोकरीसाठी पैसे मोजण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांची भरती जॉबरमार्फत होत असे, आणि काम मिळावे वा टिकावे म्हणून कामगाराला जॉबरचे हात ओले करावे लागत. यालाच दस्तुरी म्हणत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कोरडे ओढले. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली, तेव्हा जॉबरच्या सत्तेला काहीसा आळा बसला.

दस्तुरी हा अन्यायच होता. परंतु जॉबर हा बहुधा आपल्याच मुलखातला, नावागावाने ओळखीचा असे आणि पैसे घेतल्यावर काम देत असे. आजच्या ऑनलाइन दलालाचे नाव खोटे, छायाचित्र दुसऱ्याचे आणि दूरध्वनी क्रमांकही उसना असतो. तो पैसे घेतो, काम देत नाही. ‘कामासाठी आधी थोडे पैसे भरावेच लागतात’ ही जुन्या अनुभवातून आलेली समजूत घराघरांत रुजलेली असल्याने त्याची मागणी कुटुंबातील वडीलधाऱ्यांनाही वावगी वाटत नाही. ही समजूत दूर करणे हे पहिले काम होय.

खऱ्या कामाचा व्यवहार

खऱ्या व्यवहारात पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे जातो. अपवर्क, फ्रीलान्सर, फायव्हर यांसारख्या संकेतस्थळांवर ग्राहक कामाचे वर्णन देतो किंवा काम करणारा आपल्या सेवांची यादी मांडतो. ठरावीक मोबदल्याच्या कामात ग्राहकाने रक्कम आधी संकेतस्थळाकडे अनामत ठेवावयाची असते आणि काम पसंत पडल्यावर ती काम करणाऱ्यास मिळते. संकेतस्थळ आपले कमिशन मिळालेल्या मोबदल्यातून कापून घेते. काही संकेतस्थळे प्रस्ताव पाठविण्यासाठी अल्प शुल्क आकारतात. परंतु ते संकेतस्थळाकडे थेट भरावयाचे असते, काम देणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात नव्हे.

म्हणूनच ‘संकेतस्थळावर नको, आपण टेलिग्रामवर बोलू’ असे ग्राहक सुरुवातीलाच म्हणू लागला की सावध व्हावे. संकेतस्थळाबाहेर गेलेल्या व्यवहाराला अनामतीचे संरक्षण राहत नाही आणि तक्रारीला पुरावाही राहत नाही. नव्या माणसाला पहिले काम मिळण्यास बरेचदा आठवडे लागतात. या प्रतीक्षेच्या काळातच त्याचे मन आमिषाला अधिक बळी पडते.

फसवणुकीचे प्रचलित प्रकार

पहिला व सर्वांत साधा प्रकार नोंदणी शुल्काचा. निवड झाल्याचे पत्र येते. त्यावर नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असते. मग प्रशिक्षण, ओळखपत्र किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून काही रक्कम मागितली जाते. ती भरल्यावर आणखी एखादे कारण निघते आणि अखेर समोरचा क्रमांक बंद होतो.

दुसरा प्रकार ‘टास्क’चा असून त्यात होणारे नुकसान फार मोठे असते. केंद्रीय गृह मंत्रालयाने ६ डिसेंबर २०२३ रोजी अशा कामाच्या व गुंतवणुकीच्या नावाने फसवणूक करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांची कार्यपद्धतीही सांगितली होती. घरबसल्या कमाईच्या जाहिराती अनेक भाषांतून दिल्या जातात. त्यांना प्रतिसाद देणाऱ्याशी व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवरून संपर्क साधला जातो. चित्रफितीला पसंती देणे, नकाशावरील एखाद्या स्थळाला गुण देणे असे किरकोळ काम सोपविले जाते आणि त्याचा थोडा मोबदला खरोखरच दिला जातो. हा मोबदला म्हणजे गळाला लावलेले आमिष होय. विश्वास बसल्यावर अधिक कमाईसाठी स्वतःची रक्कम गुंतविण्यास सांगतात. बनावट संकेतस्थळावर नफ्याचे आकडे वाढताना दिसतात, पण ते केवळ पडद्यावरचे आकडे असतात. पैसे काढू गेल्यास कर, दंड वा ‘खाते खुले करण्याचे शुल्क’ मागितले जाते. आधीची रक्कम बुडू नये म्हणून माणूस पुढची रक्कम भरत जातो.

हैदराबाद पोलिसांनी जुलै २०२३ मध्ये उघडकीस आणलेले प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तक्रारदाराने प्रथम १,००० रुपये भरले, तेव्हा त्याला ८६६ रुपये नफा मिळाला. अखेर त्याने सुमारे २८ लाख रुपये गमावले. तपासात या जाळ्यातून देशभरातील सुमारे १५ हजार लोकांची ७१२ कोटी रुपयांना फसवणूक झाल्याचे आढळले. ही रक्कम अनेक बँक खात्यांतून फिरवून परदेशी पाठविण्यात येत होती.

तिसरा प्रकार ‘डेटा एंट्री’चा. शेकडो अर्ज ठरावीक दिवसांत, जवळजवळ निर्दोष टंकलिखित करून द्यावयाचे असतात. त्यासाठी ऑनलाइन करारावर स्वाक्षरी घेतली जाते. काम कितीही नीट केले तरी चुका दाखविल्या जातात आणि मग वकिलाच्या नावाने नोटीस येते : करारभंगाबद्दल अमुक हजार रुपये भरा, अन्यथा पोलीस अटक करतील. येथे कायद्याची दोन तत्त्वे ध्यानी घ्यावीत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ नुसार, कपटाने संमती मिळवून केलेला करार फसविला गेलेला पक्ष रद्द ठरवू शकतो. कलम ७४ नुसार, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळू शकते. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही.

चौथा प्रकार वरवर निरुपद्रवी, परंतु परिणामी फार घातक आहे. ‘तुमच्या बँक खात्यात आमचे पैसे जमा होतील, ते पुढे पाठवा आणि कमिशन ठेवा’ असे काम देऊ केले जाते. किंवा पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड भाड्याने मागितले जाते. ते पैसे दुसऱ्या कोणाची तरी लूट असते. खाते गोठविले जाते आणि तपासाचा पहिला धागा खातेदाराच्या दारी येऊन पोहोचतो. आपण कोणालाही फसविले नाही, असे वाटणारा तरुण आरोपी ठरू शकतो. आपले खाते दुसऱ्याच्या हाती देणे हे काम नव्हे, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

याच जाळ्याचे दुसरे टोक परदेशात आहे. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी देतो असे सांगून नेलेल्या अनेक भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमाभागात डांबून त्यांच्याकडून इतरांची ऑनलाइन फसवणूक करवून घेण्यात आली. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना मायदेशी आणण्यात आले. टास्क पाठविणारा माणूसही कधी कधी असाच फसून गेलेला असतो.

पडताळणी कशी करावी

काम स्वीकारण्यापूर्वी पुढील बाबी तपासून पाहाव्यात.

१. काम देणारा कोणत्याही नावाने पैसे मागत असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

२. कंपनीचे नाव खरे असले तरी संदेश तिचाच आहे, असे गृहीत धरू नये. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. कंपनीची नोंदणी केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

३. कौशल्य वा अनुभव न विचारता, मुलाखतीवाचून भरघोस मोबदला देऊ केला असल्यास त्यामागील हेतूविषयी शंका घ्यावी.

४. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. ओटीपी कोणासही सांगू नये, आणि दुसऱ्याला आपला भ्रमणध्वनी दुरून हाताळू देणारे ॲप घेऊ नये.

५. संशयित दूरध्वनी क्रमांक वा खाते क्रमांक राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद संकेतस्थळावरील संशयित-शोध सुविधेत तपासता येतो. मात्र तेथे नोंद आढळली नाही, एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही.

६. ‘आत्ताच निर्णय घ्या, जागा संपत आल्या’ अशी घाई केली जात असल्यास एक दिवस थांबावे. खरे काम एका दिवसात पळून जात नाही.

फसवणूक झाल्यास

अशा प्रसंगी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. तक्रार नोंदविताच संबंधित बँकेला सूचना जाते आणि रक्कम ज्या खात्यात गेली तेथे ती शिल्लक असल्यास रोखून धरली जाते. ती पुढच्या खात्यात गेली असेल तर सूचनाही तिच्या मागोमाग पुढे जाते. चोरट्यांचा प्रयत्न रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांत विखुरण्याचा वा रोखीने काढून घेण्याचा असतो. त्यामुळे पहिल्या तासात केलेली तक्रार आणि आठवड्याने केलेली तक्रार यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. ग्राहकाने स्वतः पिन टाकून पाठविलेल्या रकमेची भरपाई बँकेकडून मिळणे कठीण असते. म्हणून रक्कम वाटेतच अडविणे हाच प्रमुख उपाय ठरतो.

सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवावी. संभाषण पुसून टाकू नये. संदेशांची छायाचित्रे, व्यवहार क्रमांक आणि ज्या खात्यांत पैसे भरले त्यांचे तपशील जपून ठेवावेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. फसवणूक झालेल्यांनी आणखी एका गोष्टीपासून जपावे. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा एखादा कथित अधिकारी वा वकील फोन करतो आणि त्यासाठी शुल्क मागतो. हीसुद्धा फसवणूकच होय.

गावपातळीवरील कर्तव्य

वरील सर्व उपाय ठाऊक असूनही ते वाया जाण्याचे मोठे कारण म्हणजे संकोच. ‘एवढा शिकलेला मुलगा, तरी फसला’ हे वाक्य ऐकावे लागू नये म्हणून मुलगा गप्प राहतो. बचत गटाकडून घेतलेले कर्ज बुडाले, हे सांगण्याचे धैर्य एखाद्या भगिनीला होत नाही. ते दोन-चार दिवस तसेच जातात आणि तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो. त्यात चोरट्यांचे फावते. म्हणून अशी व्यक्ती दारी आली असता प्रथम दोष न देता १९३० हा क्रमांक लावून द्यावा. उपदेश मागाहून करता येईल.

ग्रामसभेत या विषयासाठी काही मिनिटे राखून ठेवता येतील. ग्रामपंचायत कार्यालय, आपले सरकार सेवा केंद्र, बँक शाखा आणि शाळा येथील फलकावर १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवता येईल. शिक्षकांनी उच्च माध्यमिक वर्गांत एखादा खोटा संदेश वाचून दाखवून त्यातील फसवे धागे विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावेत. बचत गटांच्या बैठकीतही हा विषय आवर्जून घ्यावा.

घरबसल्या रोजगाराची भीती बाळगून ही वाट बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली तरुण मुले मुंबईला पाठविली, त्यांना ती घरी राखण्याची संधी या मार्गाने काही प्रमाणात लाभत आहे. खाडीच्या मुखावरचा पूर्णगड बंदर बंद करण्यासाठी बांधलेला नव्हता. आत कोण येते, यावर नजर ठेवण्यासाठी होता. ऑनलाइन कामाच्या बाबतीत तीच जागरूकता हवी. काम करणाऱ्याला मोबदला मिळतो. काम करण्यासाठी मोबदला द्यावा लागत नाही. एवढे एक सूत्र घराघरांत पोहोचले, तरी कष्टाची बरीच पुंजी वाचेल.