बेतणारा हात
(बऱ्हाणपूरच्या कापडधंद्यासंबंधी काही विचार)

कापडाच्या धंद्याची चर्चा निघाली म्हणजे कापूस, सूत, माग, रंग, आडत आणि दुकान यांविषयी आपण व्यापारी तासन् तास बोलू शकतो. परंतु दुकानातील ठाण आणि गिऱ्हाइकाच्या अंगावरील सदरा यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, आणि त्याचे नाव या चर्चेत क्वचितच येते. शिंप्याच्या दुकानात त्यास 'मास्तर' म्हणतात, तयार कपड्यांच्या कारखान्यात 'कटर' किंवा 'कटिंग मास्तर' म्हणतात. पुष्कळांची अशी समजूत असते की, कपडा शिवणारा आणि कापणारा एकच. लहान दुकानात ते खरेही असते. तथापि धंदा जरा वाढला की या दोन कामांची फारकत होते. शिवणाऱ्या दहा-वीस हातांना काम पुरविणारा कापणारा हात एकच राहतो. त्या हाताविषयी आणि आपल्या बऱ्हाणपूरशी असलेल्या त्याच्या नात्याविषयी येथे चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे.

आपल्या भाषेने या कामाचा फार नेमका गौरव केलेला आहे. आपण 'कापड बेतणे' असे म्हणतो आणि एखाद्या कार्याची योजना ठरवितो तेव्हाही 'बेत करणे' असेच म्हणतो. कातर हाती घेण्यापूर्वी सर्व विचार पुरा झालेला असला पाहिजे, हे या एका शब्दात आले. टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो. कातर चुकली तर तो तुकडा त्या कामापुरता गेलाच.

न शिवलेल्या वस्त्राचे नगर

खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासिरखानाने इ. स. १४०० च्या सुमारास तापीकाठी हे नगर वसविले आणि खुलदाबादचे संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्यास नाव दिले. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला व खानदेश मोगल राज्यात सामील झाला. त्यानंतर दक्षिणेच्या सुभ्याचे ठाणे म्हणून आणि आग्रा-सुरत मार्गावरील पेठ म्हणून बऱ्हाणपूर भरभराटीस आले. सतराव्या शतकाच्या मध्यास येथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने येथील तलम पारदर्शक कापडाचे वर्णन करून ठेवले आहे. ते कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान व कैरो येथवर जात असे. काहींवर रंगीत फुले असत, काहींत सोन्यारुप्याच्या तारा विणलेल्या असत. कलाबतू ओढण्याचे काम तर येथे पुढेही पिढ्यान् पिढ्या चालले.

या मालाचा उपयोग काय होत असे, हे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बुरखे, ओढण्या, रुमाल, पलंगपोस. आणि आपल्याकडे पागोटी, शेले, लुगडी. यांपैकी बहुतेक वस्त्रे मागावरून उतरली की तयारच असत. त्यांना कातर फारशी लागतच नसे. महाराष्ट्रातही धोतर, नऊवारी लुगडे आणि उपरणे यांनी शरीराचा बहुतेक भाग न शिवता झाकला. अशा प्रदेशातील विणकर पन्हा व लांबी ठरवितो, त्याच क्षणी वस्त्र बेतून पुरे करतो. बऱ्हाणपूरची कीर्ती ही अशी मुख्यतः मागाची कीर्ती होती.

अर्थात कातर अगदीच अपरिचित होती असे नव्हे. 'आईन-इ-अकबरी'त बादशाही पोशाखांचे मोजमाप दिले आहे. 'तकौचिया' नावाच्या बिनअस्तरी अंगरख्यास पूर्वी घेरात चिरा असत व तो डाव्या बाजूस बांधीत. बादशहाने त्याचा घेर गोल करविला व बंद उजवीकडे घेतले. त्यास सात गज सात गिरह कापड आणि पट्ट्यांसाठी आणखी पाच गिरह लागत, असा हिशेब तेथे आहे. गजाचे सोळा गिरह होत. गजाच्या सोळाव्या भागापर्यंत नोंद ठेवावी लागली, यावरून तलम कापडाची किंमत आणि बेतणाऱ्यावरील जबाबदारी दोन्ही दिसतात.

बेतण्याची विद्या

जुन्या पोशाखांची कापणी पाहिली म्हणजे त्या कारागिरांच्या काटकसरीचे नवल वाटते. अंगरख्याच्या किंवा कळीदार कुडत्याच्या घेरासाठी लागणाऱ्या कळ्या घ्या. कापडाचा आयताकृती तुकडा घेऊन त्यास एका बाजूच्या वरच्या टोकाजवळून दुसऱ्या बाजूच्या खालच्या टोकाजवळ असा एकच तिरपा छेद दिला की वर अरुंद व खाली रुंद अशा दोन सारख्या कळ्या तयार होतात आणि कातरण मुळीच उरत नाही. काखेत बसविलेला चौकोनी चौबगला हात वर नेण्यास मोकळीक देतो. त्यालाही वाकडी कापणी लागत नाही. सरळ रेषा व काटकोन यांवर उभारलेली ही पद्धत कापड वाचविणारी होती.

पाश्चात्य धर्तीचा कोट, सदरा व पाटलोण आल्यावर ही सरळ रेषा मोडली. मुंढा गोल झाला, बाहीस वर फुगवटा आला, खांद्यास उतार आला. शरीर गोल आहे आणि कापड सपाट आहे. सपाटाचे गोल करावयाचे तर वाकडे कापावे लागते, आणि वाकडे कापले की कातरण उरते. आजच्या कटरचे सारे कसब या अडचणीतून वाट काढण्यात आहे.

त्यास प्रथम कापडाचा स्वभाव ओळखावा लागतो. मागावर उभा धागा ताणलेला असतो, म्हणून कोरे कापड पाण्यात पडले की लांबीत बहुधा अधिक आटते. उभा धागा ताण सहन करतो, आडवा थोडा देतो आणि तिरप्या कापणीचे कापड रबरासारखे ओढले जाते. म्हणून सदऱ्याचा पुढा व पाठ उभ्या धाग्यात कापतात. खांद्याची पट्टी, कफ व कॉलर यांवर ताण लांबीच्या दिशेने येतो, यास्तव त्यांत उभा धागा बहुधा लांबीच्या दिशेने ठेवतात. गोल गळ्याची पट्टी मात्र तिरपी घेतात, कारण तिने वळणे अवश्य असते. लव असलेल्या कापडाचे सर्व तुकडे एकाच दिशेने ठेवावे लागतात, नाही तर एकाच कोटाच्या दोन बाह्या दोन रंगांच्या दिसतात. शिवाय शिलाईचा दाब किती, अंगास सैल किती, धुतल्यावर आटणार किती, ही गणिते निराळी.

फर्मा, थर आणि एक इंच

शिंप्याच्या दुकानात माणूस समोर उभा असतो व त्याचे माप घेता येते. कारखान्यातील कटरला गिऱ्हाईक कधीच दिसत नाही. त्याच्यासमोर कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा फर्मा असतो. अमेरिकेतील एबनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी फर्मे विकावयास आरंभ केला आणि ही विद्या घरोघरी पोहोचली. एका मापाच्या फर्म्यावरून दुसरे माप काढणे म्हणजे सर्व बाजूंनी सारखे वाढविणे, असा अनेकांचा समज आहे. पण छाती दोन इंचांनी वाढली तर गळा सुमारे अर्धाच इंच वाढतो, आणि बाहीची लांबी त्याहून निराळ्या प्रमाणात. ही प्रमाणे चुकली तर हजार सदरे एकाच दमात चुकतात.

कापण्याची साधनेही वाढत गेली. इंग्लंडातील लीड्स येथील जॉन बॅरन याने १८५८ च्या सुमारास लाकडाचे पातळ पापुद्रे कापणारे पट्टीचे पाते कापडासाठी वापरले व अनेक थर एकदम कापता येऊ लागले. १८८८ मध्ये अमेरिकेत ईस्टमन यांचे विजेवर चालणारे उभ्या पात्याचे यंत्र निघाले. त्या जातीची यंत्रे आजही आपल्याकडील टेबलांवर चालतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गर्बर कंपनीने संगणकाच्या आज्ञेने कापणारे यंत्र तयार केले. आता मोठ्या कारखान्यांत फर्मे कापडावर कसे बसवावे हे संगणकाच्या पडद्यावर ठरते. तरीही कापडातील दोष पाहून तुकडा सरकविणे, थर न ओढता अंथरणे आणि ठाणाचा पन्हा खरोखर किती भरतो हे तपासणे, ही कामे हात व डोळा यांच्याकडेच आहेत.

या हाताची किंमत व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाची तर हिशेब सोपा आहे. टेबलावर कापडाचे १०० थर अंथरले आहेत असे समजा. फर्मे अधिक दाटीने बसवून कटरने लांबीत अवघा एक इंच वाचविला, तर १०० इंच म्हणजे २.५४ मीटर कापड वाचले. ३६ इंची पन्ह्याच्या कापडात तेवढ्यात पूर्ण बाहीचा एक सदरा होतो. तयार कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा सामान्यतः कापडाचाच असतो. असे असूनही धंद्यात शिलाईच्या दरावर पैशापैशाची घासाघीस होते आणि बेतण्यातील इंचाकडे फारसे कोणी पाहत नाही.

कॉलरच्या आतील बऱ्हाणपूर

आता आपल्या गावाकडे वळू. १९०६ मध्ये स्थापन झालेली ताप्ती मिल हा येथील कापडधंद्याचा आधुनिक आरंभ. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २०२० च्या टाळेबंदीत तिची यंत्रे थांबली. ज्या घरांची चूल तीन-तीन पिढ्या त्या भोंग्यावर पेटत होती, त्यांना तो काळ कसा गेला हे निराळे सांगावयास नको. यंत्रमागांचा व्याप मात्र गल्लोगल्ली पसरलेला आहे. कोरे मांजरपाट, धोतराचे कापड, केंब्रिक, आणि विशेषतः कॉलर-कफांत घालण्याचे बकरम व अंतर्पट्टीचे कापड ही येथील ओळख आहे.

हे अंतर्पट्टीचे कापड म्हणजे कटरच्याच उपयोगाची वस्तू होय. सदरा विकत घेणाऱ्यास ते कधी दिसत नाही. पण कॉलर ताठ उभी राहते ती त्याच्या जोरावर. कटर ते वरच्या कापडापेक्षा किंचित लहान कापतो, म्हणजे शिलाईच्या जागी जाडी साचत नाही. ते वरच्या कापडाहून अधिक आटले तर पहिल्या धुण्यातच कॉलरवर सुरकुत्या पडतात आणि फुगे येतात. दोष शिंप्याच्या माथी बसतो, मूळ मात्र कापडाच्या धुलाईत व खळीत असते. अशा रीतीने कॉलरच्या आत बऱ्हाणपूरचा विणकर आणि दूरच्या कोणा शहरातील कटर एकमेकांस न पाहता भेटतात. दोघेही अदृश्य, आणि एकाची हयगय दुसऱ्याला भोवते.

खंत वाटते ती याची की, या गावातून पुष्कळसे कापड कोरेच बाहेर जाते. ते धुतले जाते, बेतले जाते, शिवले जाते, आणि प्रत्येक पायरीवर वाढणारी किंमत त्या-त्या गावी राहते. एके काळी न शिवलेल्या वस्त्राला मान होता, तेव्हा मागावरच काम संपत असे व सारे श्रेय विणणाऱ्या गावास मिळे. आज जग शिवलेले वस्त्र घालते. माग असलेल्या गावाने कापणीचे टेबल मांडले नाही, तर त्याच्या वाट्यास मीटरचा भाव तेवढा उरणार.

आपले काम

याबाबत व्यापारी बंधूंनी काय करावे? मोठ्या भांडवलाची वाट न पाहता करता येण्याजोग्या काही गोष्टी आम्हांस दिसतात. पहिली अशी की, विकलेल्या प्रत्येक ठाणावर खरा पन्हा आणि आटण्याचे प्रमाण लिहून द्यावे. कटर त्याच आकड्यांवर बेत करतो. त्यांत लपवाछपवी करणे म्हणजे त्याच्या कातरीस वाकडी वाट दाखविणे होय. दुसरी, शिकाऊ मुलामुलींस टेबलाशी उभे करावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवणकलेचा अभ्यासक्रम चालतो, परंतु तेथून बाहेर पडलेल्यास खरे ठाण कापू देणारा मालक भेटल्याखेरीज त्याचा हात बसत नाही. दोष असलेले, मागे पडलेले कापड अशा शिकणाऱ्यांस दिले तर आपले नुकसान ते काय होणार? तिसरी, उभ्या पात्याच्या यंत्रावर काम करणाऱ्याच्या डाव्या हातास पोलादी जाळीचा हातमोजा असावा. तो महाग आहे म्हणून न घेणाऱ्या मालकाने आपली बोटे मोजून पाहावीत. आणि चौथी, वाचलेल्या कापडातील काही अंश वाचविणाऱ्यास मिळावा. ज्याला बचतीत वाटा आहे, त्याची नजर इंचावर आपोआप राहते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण एकमेकांस नेहमी सांगतो. कटर हे रोज करतो. समोर असेल तेवढ्याच पन्ह्यात तो सगळे बसवितो. माग येथे आहेत, कापड येथे आहे, काम मागणारे हातही येथे आहेत. त्यांच्यामध्ये एक टेबल, एक कातर आणि शिकविणारा एक मास्तर एवढेच आणावयाचे आहे. येत्या वर्षात आपल्यापैकी दोघा-चौघांनी जरी ते मनावर घेतले, तरी पुढील स्मरणिकेत या विषयावर अधिक आनंदाने लिहिता येईल अशी आम्हांस आशा आहे.