पाकळ्या आणि रूळ

फुलाची पाकळी अधिक टिकाऊ की लोखंडी रूळ, असे वर्गात विचारले तर मुले हसतील. पण इंग्लंडातल्या टिसिंग्टन गावाने या प्रश्नाचे उत्तर भलतेच देऊन ठेवले आहे.

डर्बीशायर परगण्यातले हे चिमुकले गाव. दगडी घरे, जुने चर्च, बदकांचे तळे. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला गावकरी आपल्या विहिरी सजवत आले. विहिरी म्हणायच्या, खरे तर ते झरेच. लाकडी फळ्यांवर ओली माती लिंपायची, तीवर चित्र रेखायचे आणि एकेक पाकळी बोटाने दाबून बसवायची. आठवड्याभरात सारे कोमेजते. अगदी आपल्या रांगोळीसारखे! १३४८-४९ च्या प्लेगात शुद्ध पाण्याने गाव वाचले, त्याची ही कृतज्ञता असे काही जण सांगतात. काही जण १६१५ च्या अवर्षणाचा दाखला देतात.

अशा या गावी १८९९ साली आगगाडी आली. ॲशबोर्न ते बक्स्टन हा तो डोंगरी मार्ग. चुनखडी आणि शेतकऱ्यांचे दूध या गाडीने बाहेर जाई; विहिरी पाहायला येणारी माणसेही तिनेच येत. परंतु एरवी उतारू थोडे, आणि पुढे मोटारी वाढल्या. १९५४ च्या नोव्हेंबरात रोजची उतारू गाडी बंद झाली. तरी बर्फाने रस्ते बुजले की गाडीच धावून येई. विहिरींच्या सणाच्या खास गाड्याही १९६३ पर्यंत येत राहिल्या. त्यानंतर रूळ उखडले गेले.

रूळ गेले, पण वाट उरली. तेथील राष्ट्रीय उद्यानाने ती ताब्यात घेऊन १९७१ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुली केली. ॲशबोर्नपासून पार्सली हेपर्यंत ती १३ मैल जाते. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही. म्हणून डोंगरातली ही वाट म्हाताऱ्यांना आणि सायकलवरच्या पोरांनाही सोपी जाते. जुन्या स्टेशनच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात.

गाडी चालवणे हा हिशेबाचा मामला होता. हिशेब जुळेना, ती थांबली. विहीर सजवण्यात मिळकत कसली? पण ते काम कोणीतरी हाताने करायचे असे, आणि आजी नातवाला शिकवत आली. म्हणून रूळ गेले तरी पाकळ्या राहिल्या.