पळणाऱ्यांसाठी – भाग 6 : भरतीला बूट कुठला?

मागच्या आठवड्यात नडगी का भरून येते ते पाहिलं. त्यावर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती बुटाची. "सर, भरतीला कुठला बूट घेऊ?"

डोंगरकड्याच्या बाजूला पहाटे पाचला नांदेड-हिंगोली रस्त्यावर थांबा. केळीच्या बागांच्या कडेनं पोरं-पोरी पळताना दिसतील. कुणाच्या पायात शाळेतले कॅनव्हास, कुणाच्या पायात हप्त्यावर घेतलेले जाड, झगमगीत बूट. त्याच बुटात पळायचं, त्याच बुटात गोळा टाकायचा.

पोलीस शिपायाचं ग्राउंड 50 मार्कांचं. 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळ्याला 15. मुलींना 1600 च्या जागी 800. मुलांना 1600 चे पूर्ण मार्क हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांत यावं लागतं, म्हणजे 400 मीटरची एकेक फेरी साधारण 77 सेकंदांत. आता गंमत अशी, की या तिन्ही प्रकारांत पाय तीन वेगळी कामं करतो.

शंभर मीटरला सगळा भार पंजावर असतो. म्हणून स्पाइक्सच्या टाचेखाली गादी जवळजवळ नसतेच. तेच घालून रोज तीन-चार किलोमीटर काढले तर पोटरी आणि टाचेमागची शीर धरलीच समजा. डांबरावर तर ते पायातच नकोत. गोळ्याचं उलट. मऊ सोल दाबला जातो, पाय डगमगतो, आणि गोळ्यात जायचा जोर सोलमध्येच मुरतो. इथं शाळेतला सपाट, कडक तळाचा कॅनव्हास त्या महागड्या बुटाला भारी पडतो.

पैसे एकाच जोडाचे असतील तर ते सरावाच्या बुटावर घाला. ग्राउंड एका सकाळचं असतं, सराव सहा महिन्यांचा. दुकानात संध्याकाळी जा, तोवर पाय थोडा फुगलेला असतो. पळताना घालता तेच मोजे घाला. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. बूट वाकवून बघा. बोटं जिथं मुडपतात तिथंच तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडली तर परत ठेवा. तळाला खोल नक्षी नको. पावसाळ्यात आपली काळी माती तिच्यात अशी बसते, की प्रत्येक पायाला ढेकूळ बांधल्यासारखं होतं.

ओल्या पायाचा फरशीवरचा ठसा बघून बूट सुचवणारे दुकानदार भेटतील. अमेरिकी सैन्यानं हे हजारो नवशिक्या जवानांवर करून पाहिलं. ठशाप्रमाणे बूट दिलेले आणि सरसकट एकच बूट दिलेले, दोन्हीकडे दुखापती जवळपास सारख्याच निघाल्या. दुकानाच्या दारात दहा पावलं पळून पाहा. खुपला, की नको.

पाचेकशे किलोमीटरनंतर तळाची गादी बसू लागते, वरून बूट नवा दिसला तरी. रस्त्याच्या एकाच उतरत्या कडेनं पळणाऱ्यांचा एका बाजूचा सोल आधी झिजतो. जुना जोड उलटा करून बघा.

आणि ग्राउंडच्या दिवशी नवा बूट नको. मी एकदा तसाच उतरलो होतो. तिसऱ्या फेरीत टाचेचं साल निघालं, चौथी लंगडत काढली.

पुढच्या भागात मोजे, फोड आणि लेस बांधायची रीत.