नादाच्या नादी न लागता

बाहेर कसलाही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात शीळ, गुणगुण अथवा रातकिड्यांची किरकिर ऐकू येत राहणे, या अवस्थेला आधुनिक वैद्यकात ‘टिनिटस’ म्हणतात, तर आयुर्वेदाने तिला ‘कर्णनाद’ हे नाव फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. ‘माधवनिदान’ या ग्रंथात या नादाची तुलना भेरी, मृदंग आणि शंख यांच्या आवाजाशी केली असून, वेणूसारख्या आवाजाला ‘कर्णक्ष्वेड’ असा वेगळा विकार मानले आहे.

या आवाजाचा उगम बहुतेक वेळा अंतःकर्णातील ‘कोक्लिया’ या गोगलगायीच्या शंखासारखी वळणे घेतलेल्या नळीतील हानीत असतो. तिथल्या सुमारे 3,500 आतल्या आणि 12,000 बाहेरच्या केशपेशी ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर घडवतात; वय, गोंगाट किंवा जेंटामायसिन, सिसप्लॅटिन यांसारखी औषधे यांमुळे त्या मेल्या, तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. संदेश कमी पडू लागला की मेंदू जणू आपल्या आवाजाचे बटण चढवतो आणि मज्जापेशींची एरवी दबलेली खळबळ ध्वनी म्हणून ऐकू येऊ लागते, असे आज बहुतांश संशोधक मानतात. श्रवणतंत्रिका कापूनही हा नाद अनेकांच्या बाबतीत थांबत नाही, यावरून तो एकट्या कानाचा विषय नाही हे उघड होते.

किंबहुना तो केवळ रुग्णांचाही विषय नाही. 1953 मध्ये मॉरिस हेलर आणि मो बर्गमन यांनी चांगल्या श्रवणशक्तीच्या 80 प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येते ते नोंदवायला सांगितले, तेव्हा 94 टक्के लोकांनी कुठला ना कुठला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. याहून बोलकी गोष्ट अशी की, श्रवणतज्ज्ञ जेव्हा यंत्रातून निरनिराळे स्वर ऐकवून रुग्णाच्या नादाशी जुळणारा स्वर शोधतात, तेव्हा झोप उडवणारा हा आवाज बहुधा त्या स्वराच्या ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा 10 डेसिबलनेही मोठा नसतो.

मग छळतो तो कोण? पावेल यास्त्रेबॉफ यांनी 1990 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, भावनांशी निगडित असलेली मेंदूतील ‘लिंबिक’ यंत्रणा त्या आवाजावर ‘धोका’ असा शिक्का मारते, त्यामुळे लक्ष पुनःपुन्हा तिकडे जाते, आणि लक्ष गेले की धास्ती वाढते. स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या बाहेर गप्पांत रंगलेली गृहिणी अचूक मोजते, पण रूळांलगत राहणाऱ्या कुटुंबाला रात्रीची मालगाडी ऐकूही येत नाही; आवाजाच्या मोठेपणाहून त्याला लाभलेला अर्थ अधिक बलवान ठरतो तो असा. ‘याला औषध नाही, सवय करून घ्या’ हा दवाखान्यात मिळणारा सल्ला म्हणूनच चुकीचा नसला तरी अर्धाच असतो, कारण कान सरावतो कसा, हे त्यात कोणी सांगत नाही.

सरावण्याची पहिली अट म्हणजे शांततेचा हट्ट सोडणे. कानात बोळे घालून निजणाऱ्याला आतला आवाज अधिकच ठळक होतो, आणि रात्री वीज जाऊन पंखा थांबताच तो एकदम अंगावर आल्यासारखा का वाटतो, याचेही कारण हेच आहे. पंख्याची घरघर किंवा मोबाइलवरचा पावसाचा आवाज नादापेक्षा किंचित खालच्या पातळीवर ठेवावा, असे यास्त्रेबॉफ यांच्या पद्धतीत सांगितले जाते. नाद पार बुडवला तर मेंदूला त्याच्याशी सरावण्याची संधीच उरत नाही. ऐकूच कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे जग परत आत येते आणि नाद आपोआप मागे सरतो. त्रास कमी करण्याबाबत सर्वाधिक पुरावा मात्र ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’ या उपचाराच्या बाजूने आहे, ज्यात ‘आता वेड लागणार’ अशा विचारांची आणि त्यापायी टाळलेल्या सभासमारंभांची पद्धतशीर उलटतपासणी होते. गिंको, मेलाटोनिन, जस्त यांच्या गोळ्या देऊ नयेत, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सुचवले असले, तरी त्या खपतात खऱ्या.

एकाच कानात येणारा, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा किंवा अचानक आलेल्या बहिरेपणासोबतचा नाद मात्र सरावण्यावर सोडता येत नाही. शेवटच्या प्रकारात तर तत्काळ डॉक्टर गाठावा लागतो. दिवाळीच्या दिवसांत हे विशेष लक्षात घ्यावे लागते, कारण फटाक्यांसाठीची 125 डेसिबलची कायदेशीर मर्यादा 4 मीटर अंतरावर मोजायची असते, आणि सुतळी बॉम्बची वात पेटवणारा मुलगा हातभर अंतरावर वाकलेला असतो.

उपचारांची प्रगती मोजण्यासाठी ‘टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी’ ही 25 प्रश्नांची प्रश्नावली 1996 पासून वापरात आहे. झोप लागते का, वाचनात मन रमते का, चिडचिड होते का, असे तिचे प्रश्न असतात. काही महिन्यांच्या सरावानंतर यंत्रावर स्वर जुळवून पाहिला तर नाद बहुधा तेवढाच भरतो, प्रश्नावलीतले गुण मात्र उतरलेले असतात.