घाटात आलं, चहात आलं, रानात त्याचं गोत

मंचर सुटलं, घोडेगाव मागे पडलं, डिंभे धरणाचं पाणी दिसू लागलं की भीमाशंकरच्या एसटीत दोन तट पडतात. एका तटाला खिडकी हवी असते फोटोसाठी, दुसऱ्याला भलत्याच कारणासाठी. या दुसऱ्यांच्या पिशवीत आलेपाकाची वडी हमखास सापडते. आजीबाईचा बटवा म्हणून हसू नका. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. हमखास गाडी लागणाऱ्या ३६ विद्यार्थ्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून तिरक्या फिरत्या खुर्चीत बसवलं. कुणाला सुंठपूड दिली, कुणाला उलटीवरची नेहमीची गोळी, कुणाला नुसतीच औषध नसलेली पुडी. सर्वांत जास्त वेळ तग धरला तो सुंठवाल्यांनी! नंतरच्या प्रयोगांनी दर वेळी इतकी री ओढली नाही, हेही खरं. गरोदरपणातल्या मळमळीवर मात्र आल्याची बाजू बरीच भक्कम आहे. तरी प्रमाण डॉक्टरांनाच विचारलेलं बरं.

आता गाडीतून उतरून चहाकडे वळू. पावसाळ्यात इथलं धुकं असं की चार पायऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही. अशा वेळी चहात आलं नको म्हणणारा भेटलाच, तर त्याच्याशी वाद घालू नये. पण चहा टाकताना एक पथ्य पाळा. आलं ठेचून आधी पाण्यात खळखळून उकळा, दूध नंतर. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं आणि ते दूध फाडतं. उकळीत ते निकामी होतं. चिनी स्वयंपाकात याच खोडीचा फायदा उठवतात: गरम, पण उकळतं नसलेलं गोड दूध आल्याच्या रसावर ओतायचं की काही मिनिटांत मऊ खरवसासारखं दही लागतं. मटणाला आलं चोळून ठेवलं की ते लुसलुशीत होतं, त्यामागेही हेच विकर.

सुंठ आल्यापेक्षा झणझणीत का? केवळ पाणी उडालं म्हणून नव्हे. ओल्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा. वाळताना त्यातल्या काहींचं शोगाओल बनतं आणि ते अधिक जहाल. म्हणूनच गोकुळाष्टमीचा सुंठवडा चिमूटभरच हातावर पडतो. उलट आलं शिजवलं की झिंजेरोन तयार होतं, सौम्य आणि गोडसर. एकाच कंदाच्या या तीन तऱ्हा.

आलं म्हणजे मूळ नव्हे, जमिनीत आडवं वाढणारं खोड. त्यावरचे डोळे पाहा, तिथूनच कोंब फुटतो. लागवडीच्या आल्याला फूल क्वचित येतं आणि बी जवळपास धरतच नाही. त्यामुळे कंदाचे तुकडे हेच बेणं, म्हणजे पिढ्यान् पिढ्या तेच झाड पुन्हा पुन्हा लावलं जातं. रानटी अवस्थेत हे आलं जगात कुठंही आढळत नाही, इतकं ते माणसाच्या हाताला सरावलंय. या एकसारखेपणाची किंमतही आहे. बेण्यातून शिरलेली कंदकूज पुरता फड बसवू शकते. आपल्याकडे आल्याचा मोठा पट्टा सातारा जिल्ह्यातला आणि छत्रपती संभाजीनगरकडचा. अक्षय्य तृतीयेच्या आसपास गादीवाफ्यांवर लागण होते.

भीमाशंकरच्या रानात मात्र या आल्याचे भाऊबंद भेटतात, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथंच आहे. चार महिने धो धो पाऊस आणि बाकी वर्ष कोरडं, अशा डोंगरात कंद हीच शहाणपणाची तिजोरी. पाऊस पडला की पानं वर काढायची, थांबला की गाशा गुंडाळून जमिनीखाली निजायचं. रानहळदीचा गुलाबी तुरा पाहून सगळे ‘काय सुंदर फूल’ म्हणतात. ती खरं तर रंगीत पानं, फुलं त्यांच्याखाली दडलेली, पिवळी. चवर हा सह्याद्रीचा अस्सल रहिवासी, बाहेर कुठं जंगलात उगवत नाही. त्याच्या कंदातून आरारूटसारखं सत्त्व निघतं. पेवाची पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात आणि वर चुरगळलेल्या रेशमासारखं पांढरं फूल. पूर्वी पेवाला आल्याच्याच कुळात गणत, पुढे शास्त्रज्ञांनी वेगळं बिऱ्हाड काढून दिलं. ओळखायची खूण सोपी: खाली गळून पडलेलं पान चुरगळून बघा. आल्याच्या गोतात वास येतो, पेवाला येत नाही.

हळद आणि वेलचीही आल्याच्याच कुळातल्या, म्हणजे आपल्या मिसळणाच्या डब्यात निम्मी भावकीच बसलेली असते.

आलं सर्दी ‘बरी’ करतं म्हणाल तर पुरावा तोकडा. घशाला ऊब देतं, जरा मोकळं वाटतं, एवढंच म्हणावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आल्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. चहातल्या तुकड्याला कुणी अडवत नाही. फार झालं तर छातीत जळजळतं, इतकंच.

आणि हो, ‘रानआलं’ दिसलं म्हणून उकरू नका. हे अभयारण्य आहे, परवानगीशिवाय झाड उपटणं गुन्हा ठरतो. चहापुरतं आलं हवं असेल तर येतानाच मंचरच्या बाजारातून घ्या.