प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग व शीतकरण

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे संगणकाचा प्रोसेसर, अर्थात प्रक्रियक, उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेने चालवणे होय. असे केल्याने तोच प्रोसेसर दर सेकंदाला अधिक क्रिया करतो. मात्र तो अधिक वीज घेतो व अधिक तापतो. वेग ज्या प्रमाणात वाढतो त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात उष्णता वाढते. त्यामुळे व्यवहारात ओव्हरक्लॉकिंगची मर्यादा बहुधा शीतकरणाची क्षमता आणि भोवतालच्या हवेचे तापमान यांवरून ठरते. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेस अतिवृष्टीचा डोंगराळ भाग, तर पूर्वेस अवर्षणप्रवण कोरडा प्रदेश आहे. येथे एकाच संगणकाचे तापमान ठिकाण व ऋतू यांनुसार लक्षणीयरीत्या बदलू शकते.

कार्यपद्धती

प्रोसेसरमधील सर्व क्रिया एका ठरावीक लयीत येणाऱ्या विद्युत् स्पंदांनुसार होतात. प्रचलित डेस्कटॉप संगणकांत मूळ स्पंद बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो. त्यास एका गुणकाने गुणून प्रोसेसरची वारंवारता मिळते. गुणक ४० असेल तर ती ४,००० मेगाहर्ट्झ म्हणजे ४ गिगाहर्ट्झ होते. हा गुणक मदरबोर्डच्या बायोसमधून वाढवणे ही ओव्हरक्लॉकिंगची सर्वांत प्रचलित पद्धत आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावात ‘के’ हे अक्षर असते, त्यांचा गुणक खुला असतो. एएमडीच्या बहुतेक रायझन डेस्कटॉप प्रोसेसरांतही तो बदलता येतो. त्यासाठी मदरबोर्डही तशी मुभा देणारा असावा लागतो.

वारंवारता वाढवल्यावर प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टरांना आपली स्थिती बदलण्यास कमी वेळ मिळतो. ठरावीक मर्यादेपुढे आकडेमोडीत चुका होऊ लागतात व संगणक बंद पडतो. व्होल्टेज वाढवल्यास ट्रान्झिस्टर अधिक जलद गतीने स्थिती बदलतात, म्हणून वेगासोबत बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. उष्णतेचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

उष्णतेचे गणित

प्रोसेसरचा क्रियाशील वीजवापर हा धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. समजा, १०० वॉट वीज घेणाऱ्या प्रोसेसरची वारंवारता ४ वरून ४.४ गिगाहर्ट्झ केली आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले. दोन्ही वाढी १० टक्क्यांच्या आहेत. परंतु वीजवापर १.१ × १.१ × १.१ = १.३३१ पट, म्हणजे सुमारे १३३ वॉट होतो. १० टक्के वेगासाठी ३३ टक्के अधिक उष्णता सोसावी लागते. प्रोसेसर घेत असलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते आणि ती उष्णता खोलीतील हवेत सोडावी लागते.

पंख्याचे वा पाण्याचे नेहमीचे शीतकरण प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. प्रत्येक शीतकरण संचाची क्षमता ‘एका वॉटमागे किती अंश तापमानवाढ’ अशी मोजता येते. उदाहरणादाखल ०.३ अंश प्रतिवॉट हे प्रमाण धरल्यास २०० वॉट उष्णतेमुळे प्रोसेसर खोलीपेक्षा ६० अंशांनी अधिक तापतो. खोली २२ अंश सेल्सियस असेल तर प्रोसेसर ८२ अंशांवर राहील. खोली ४० अंशांवर असेल तर तो १०० अंशांवर पोहोचेल. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची ९५ अंश आहे. मर्यादा गाठताच प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. अशा वेळी वाढवलेला वेग केवळ कागदावर उरतो.

इतिहास

१९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासात विशेष गाजला. त्याचा गुणक ४.५ होता आणि मूळ स्पंद ६६ मेगाहर्ट्झचा होता. मदरबोर्डवर हा स्पंद १०० मेगाहर्ट्झ केल्यास ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र खुद्द इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत रद्द केला. वाढती उष्णता हा त्या काळच्या प्रोसेसरांपुढील मोठा अडसर होता. त्यानंतर वारंवारता वाढवण्यापेक्षा एकाच प्रोसेसरमध्ये अनेक गाभे बसवण्यावर भर आला.

२०११ मध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० हा प्रोसेसर द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेण्यात आला. २०२२ मध्ये इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला. असे विक्रम अल्पकाळाचे असतात; त्या स्थितीत संगणक नित्य वापरता येत नाही.

शीतकरणाच्या पद्धती

हवेने शीतकरण: प्रोसेसरवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा बसवून त्यावर पंखा लावतात. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे पावणेदोन पट असते. चांगल्या संचात तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यांतील द्रव तापलेल्या टोकाशी बाष्प होऊन थंड टोकाकडे जातो, तेथे पुन्हा द्रव होतो व नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परततो.

थर्मल पेस्ट: प्रोसेसर आणि ठोकळा यांच्या पृष्ठभागांवरील सूक्ष्म खळग्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची मंदवाहक असल्याने ती फट या लेपाने भरतात. जुन्या संगणकातील वाळलेला लेप काढून नवा लावल्यास आणि पंख्यातील धूळ झाडल्यास तापमान कमी होते.

पाण्याने शीतकरण: सारख्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. पंपाच्या साहाय्याने पाणी प्रोसेसरवरून रेडिएटरकडे नेले जाते. मात्र रेडिएटरही अखेर खोलीच्या हवेतच उष्णता सोडतो. मोठ्या प्रमाणावरील पाण्याच्या शीतकरणाचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक. २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या या यंत्रणेत प्रोसेसरांची उष्णता द्रवाच्या थेट संपर्कशीतकरणाने वाहून नेली जाते. ही व्यवस्था ओव्हरक्लॉकिंगसाठी नसून दाटीने बसवलेले प्रोसेसर अखंड चालावेत यासाठी आहे.

अतिशीत पद्धती: उणे १९६ अंशांवरील द्रवरूप नायट्रोजन किंवा उणे २६९ अंशांवरील द्रवरूप हेलियम केवळ प्रात्यक्षिकांत व विक्रमांसाठी वापरतात. घरगुती वापरास ते धोकादायक आहेत.

सातारा–सांगली परिसरातील हवामान व शीतकरण

सांगली, मिरज, तासगाव या भागांत एप्रिल–मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. पत्र्याच्या छपराखालील खोली याहूनही तापू शकते. हिवाळ्यात घेतलेली चाचणी म्हणूनच पुरेशी नसते. जानेवारीत स्थिर वाटणारा वेग मे महिन्यात टिकेलच असे नाही.

जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांत धूळ हा दुसरा प्रश्न आहे. ठोकळ्याच्या पट्ट्यांत धूळ साचली की हवेचा मार्ग अडतो. या भागात उन्हाळ्यात बाष्पीभवनावर चालणारा कूलर खोली चांगली थंड करतो, कारण हवा कोरडी असते. माठातील पाणी याच कारणाने उन्हाळ्यात गार होते. पावसाळ्यात हवा आर्द्र असल्याने कूलरचा उपयोग घटतो. कूलरचा दमट झोत थेट संगणकावर सोडणे मात्र टाळावे.

सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के कमी असते, म्हणून तेवढ्याच वेगाने फिरणारा पंखा कमी उष्णता वाहून नेतो. तेथील कमी तापमान ही उणीव भरून काढते. पावसाळ्यातील दमट हवेमुळे साध्या पंख्याच्या वा पाण्याच्या शीतकरणात दव साचत नाही, कारण कोणताही भाग खोलीपेक्षा थंड नसतो. खोलीच्या तापमानाखाली नेणाऱ्या उपकरणांत मात्र दव साचून मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

धोके

अधिक व्होल्टेज व उष्णता यांमुळे प्रोसेसरमधील सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात. या इलेक्ट्रोमायग्रेशनमुळे आयुष्य घटते. व्होल्टेजचा परिणाम किती गंभीर असतो हे २०२४ मध्ये दिसून आले. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरतेचे कारण प्रमाणाबाहेर वाढणारे व्होल्टेज असल्याचे कंपनीने सांगितले, सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. वापरकर्त्याने स्वतः केलेल्या ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी सामान्यतः हमीत येत नाही. वाढलेला वीजवापर वीजपुरवठा संच व यूपीएस यांनाही पेलावा लागतो. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता बहुधा ३६० वॉटच्या आसपास असते.

उपयुक्तता व पर्याय

चित्रफीत संपादन, त्रिमितीय आरेखन, खेळ अशा कामांत ओव्हरक्लॉकिंगचा लाभ जाणवू शकतो. मजकूर टंकलेखन, हिशेब किंवा आंतरजालाचा वापर यांत तो जवळजवळ जाणवत नाही. जुन्या संगणकात फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसवणे व रॅम वाढवणे अशा कामांत अधिक उपयोगी पडते. शिवाय २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत आलेल्या टर्बो बूस्टसारख्या सुविधा तापमान पाहून वेग आपोआप वाढवतात. अशा प्रोसेसरांत शीतकरण सुधारल्यास, बायोसमध्ये काहीही न बदलता वेग वाढू शकतो.

याच्या उलट, वेग तोच ठेवून व्होल्टेज किंचित घटवणे याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, व्होल्टेज ५ टक्क्यांनी घटवल्यास क्रियाशील वीजवापर सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. व्होल्टेज फार घटवल्यास संगणक अस्थिर होतो. म्हणून ते थोडेथोडे कमी करून प्रत्येक टप्प्यावर ताणचाचणी घ्यावी लागते. वातानुकूलन नसलेल्या शाळांच्या संगणक कक्षांत व घरांत कडक उन्हाळा निभावण्यासाठी ओव्हरक्लॉकिंगपेक्षा हा मार्ग, धूळ झाडणे आणि हवा खेळती ठेवणे अधिक उपयोगी ठरते.